अकाउंटिंगमधली पीएचडी: खंडवा रोड, राऊ की बडोदा?

एम.कॉम. किंवा सीए झालेला इंदूरकर पीएचडीचा विचार करू लागला की त्याच्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. खंडवा रोडवरचं देवी अहिल्या विश्वविद्यालय, राऊजवळचं आयआयएम, आणि अवंतिका एक्स्प्रेसने एका रात्रीत गाठता येणारं बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. चौथा पर्याय परदेशाचा; त्याचं शेवटाकडे बघू. घरातल्या मोठ्यांचा सल्ला बहुधा ठरलेला असतो: "जिथे लवकर होईल तिथे करून टाक." पण पीएचडीत "करून टाकण्या"सारखं फार थोडं असतं. म्हणून पदवीनंतर काय करायचं आहे ते आधी ठरवा आणि मग संस्था बघा, असं माझं मत.

मुळात पीएचडी लागणार आहे का? कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (प्राध्यापकीच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रतापरीक्षा) ही किमान पात्रता पुरते. पीएचडी ऐच्छिक आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचा सुरुवातीचा मूळ पगार ₹५७,७०० आहे आणि तो नुसत्या नेटवरही मिळतो. ज्याला फक्त शिकवायची नोकरी हवी आहे त्याने आधी कॉमर्सची नेट काढावी. ती वर्षातून दोनदा होते आणि तयारीला पाच वर्षं लागत नाहीत.

पीएचडीवाचून अडतं ते पुढे. सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागतेच. विद्यापीठातल्या जागेसाठी मुलाखतीआधी जी छाननी होते, तिच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या तक्त्यात पीएचडीला ३० गुण आहेत, जेआरएफसह (म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७ आणि साध्या नेटला ५. एवढ्या फरकावर मुलाखतीचं बोलावणं येतं किंवा येत नाही. आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला फक्त पाटीवर "डॉ." हवं असेल, तर माझं उत्तर सरळ "नको" असं आहे. अशील त्या दोन अक्षरांचे जास्त पैसे देत नाहीत.

आत जायची वाट

देवी अहिल्या आणि सयाजीराव या दोन्ही ठिकाणी यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे नियम लागू होतात: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), त्यानंतर प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत. देवी अहिल्याची "डीईटी" ही प्रवेशपरीक्षा इंदुरात सगळ्यांना माहीत आहे. पण २०२४ पासून यूजीसीने पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरायची सोय केली आहे. त्यात जेआरएफ न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि त्यांचा तो निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. त्या वर्षीच्या अधिसूचनेत काय लिहिलंय ते स्वतः वाचा. सीनिअरने सांगितलेला नियम बहुधा त्याच्या काळातला असतो.

सीएंसाठी एक वेगळी गोष्ट. सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानायच्या, असं यूजीसीने २०२१ मध्ये ठरवलं. आयआयएमचे डॉक्टरेट कार्यक्रम तर आधीपासूनच पदवीधर सीएला अर्ज करू देतात. तिथली चाळणी मात्र वेगळी आहे: कॅट, जीमॅट किंवा जीआरईसारख्या परीक्षेचे गुण आणि मग कसून मुलाखत. "तुमचा संशोधनाचा प्रश्न काय?" हे तिथे पहिल्याच दिवशी विचारतात. विद्यापीठात त्या प्रश्नाला थोडा उशीर होतो.

आत गेल्यावर काय शिकवतात

तिन्ही ठिकाणांतला खरा फरक इथे आहे, आणि जाहिरातीत तो दिसत नाही.

अकाउंटिंगचं संशोधन म्हणजे जर्नल एंट्र्या, जीएसटीची कलमं किंवा गुणोत्तरांचे तक्ते, अशी आपल्याकडे समजूत आहे. जगात हा विषय फार पूर्वी वेगळ्या रस्त्याला लागला. १९६८ साली रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी विचारलं, की कंपनीने जाहीर केलेल्या नफ्याच्या आकड्यात शेअर बाजाराला उपयोगी पडेल असं काही असतं का? उत्तर त्यांनी आकडेवारीने दिलं, आणि तेव्हापासून या विषयाचा मुख्य प्रवाह अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या हातात गेला. व्यवस्थापन नफा वरखाली कसा करतं, ऑडिटर बदलला की अहवाल बदलतो का, नवी मानकं आल्यावर बँका कर्ज देताना वेगळं वागतात का, हे आजचे प्रश्न.

आयआयएममध्ये फायनान्स आणि अकाउंटिंग हे एकच क्षेत्र आहे. साधारण पहिली दोन वर्षं अभ्यासक्रमाची: सूक्ष्म अर्थशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स (अर्थशास्त्रातल्या आकडेवारीच्या पद्धती), संख्याशास्त्र. मग सर्वंकष परीक्षा, आणि ती पार पडल्यावर प्रबंध. बारावीनंतर ज्याने गणिताला हात लावलेला नाही, त्याची पहिल्या वर्षी दमछाक होते. जायचंच असेल तर आधी सहा महिने रिग्रेशन आणि थोडं कॅल्क्युलस घरी उरकून घ्या.

विद्यापीठात कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधनपद्धती, संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता आणि विषयाचा एखादा पेपर येतो. एवढ्या शिदोरीवर वर सांगितलेलं संशोधन जमत नाही. ते स्वतः शिकावं लागतं किंवा गाइडने शिकवावं लागतं. म्हणूनच शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) "अमुक बँकेच्या वित्तीय कामगिरीचा अभ्यास" या साच्यातल्या प्रबंधांचा खच पडलाय. पाच वर्षांचे ताळेबंद, दहा गुणोत्तरं, शंभर जणांची प्रश्नावली. पदवी मिळते, पण तो प्रबंध पुन्हा कुणी उघडत नाही.

बडोद्याचा फायदा असा, की सयाजीराव विद्यापीठात अकाउंटिंग आणि वित्तीय व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे अवतीभोवतीचे लोक याच विषयाचे. देवी अहिल्यात हा विषय वाणिज्याच्या छत्राखाली येतो, आणि पदवी वाणिज्यातली असते. प्राध्यापकीच्या जाहिरातींत विषय "वाणिज्य" असाच लिहिलेला असतो, त्यामुळे त्याने नोकरीत काही बिघडत नाही. भाषेचा फरक मात्र मोठा आहे. बडोद्याला कारभार पहिल्यापासून इंग्रजीत. देवी अहिल्याचे वाणिज्यातले हिंदी प्रबंध शोधगंगेवर सापडतात. पण हिंदीत लिहिलेलं संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांपर्यंत पोचत नाही, हे मान्य करूनच ती सवलत घ्या.

जर्नलांच्या बाबतीत पूर्वी आयआयएम फार पुढे होतं. १ जानेवारी २०२५ पासून "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनेतून सरकारी विद्यापीठांनाही एल्सेव्हिअर, वायली, स्प्रिंगर यांसारख्या प्रकाशकांची नियतकालिकं मिळू लागली, आणि ते अंतर कमी झालं. कंपन्यांच्या आकडेवारीचं तसं नाही. भारतातल्या बहुतेक अकाउंटिंग संशोधनाचा आधार असलेला सीएमआयईचा प्रोवेस डेटाबेस महाग आहे. प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा: प्रोवेस आहे का, आणि शोधार्थीला स्वतः वापरता येतो का?

पैसा आणि वर्षं

जेआरएफ असेल तर चिंता बरीच कमी. दरमहा ₹३७,०००, पुढे एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ₹४२,०००, आणि ही रक्कम तुम्ही जिथे प्रवेश घ्याल तिथे तुमच्याबरोबर येते. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षं आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. जेआरएफ नसेल तर तिन्ही पर्याय एकदम वेगळे दिसू लागतात. आयआयएमच्या पूर्णवेळ कार्यक्रमात शिक्षणशुल्क लागत नाही आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. गुजरातेत पूर्णवेळ शोधार्थींसाठी राज्य सरकारची "शोध" योजना आहे, महिना ₹१५,०००. इंदुरात घरी राहून, घरचं जेवून, शिकवण्या घेत बऱ्याच जणांची पीएचडी पार पडते. तेही एक प्रकारचं विद्यावेतनच. फक्त ते आईवडील देतात.

किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, त्यानंतर दोन वर्षांची वाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा. लग्न, बाळ आणि प्रबंध एकाच दशकात येणार असतील, तर ही कलमं तोंडपाठ हवीत. विभागातले लिपिक ती आपणहून सांगतीलच असं नाही.

नोकरी सांभाळून करायची असेल तर यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडी आहे; त्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आयआयएमचा पूर्णवेळ कार्यक्रम नोकरीबरोबर होत नाही. नोकरदारांसाठी तिथे वेगळा कार्यकारी कार्यक्रम असतो, पण त्याचं शुल्क लाखांत. आणि सीए मित्रांनी कॅलेंडर समोर ठेवून हिशेब करावा. एप्रिल बँक ऑडिटमध्ये जातो, जुलै रिटर्नमध्ये, सप्टेंबर टॅक्स ऑडिटमध्ये, ऑक्टोबर त्या ऑडिटवाल्यांच्या रिटर्नमध्ये. वर्षाला आठच महिने उरतात, म्हणजे कागदावरची तीन वर्षं प्रत्यक्षात साडेचार-पाच धरा. सरकार अनेकदा तारखा पुढे ढकलतं, त्यात उरलेला नोव्हेंबरही जातो.

विषय आपल्याच गावात

विद्यापीठाचा पर्याय निवडणाऱ्याला एक गोष्ट आयआयएमवाल्यापेक्षा जास्त सहज मिळते: गावची माहिती. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी ₹२४४ कोटींचे हरित रोखे थेट जनतेला विकले. बडोदा महापालिकाही रोखेबाजारात उतरलेली आहे. रोखे काढणाऱ्या पालिकेचे ताळेबंद न काढणाऱ्या पालिकेपेक्षा जास्त उघडे होतात का? दुहेरी नोंदपद्धत कागदावर आली, पण झोन कार्यालयात ती कोण लिहितं? दोन शहरांच्या तुलनेवर उत्तम प्रबंध उभा राहील, आणि त्याला प्रोवेसही लागणार नाही. हुकुमचंद मिलचं उदाहरण घ्या: गिरणी १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे ₹२२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. बंद कंपनीच्या पुस्तकात कामगारांचं देणं बत्तीस वर्षं कसं बसतं, हाही प्रश्नच आहे.

मराठी माणसाची आणखी एक खास सोय आहे, आणि ती फारसं कुणी वापरत नाही. हिशेबाचा इतिहास ही जगात मान्यता असलेली शाखा आहे. तिची स्वतंत्र नियतकालिकं आहेत. होळकरांचे आणि गायकवाडांचे जुने जमाखर्च मोडी लिपीत आहेत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, झडती हे शब्द ज्याच्या घरात निदान आजोबांपर्यंत चालू होते, त्याने मोडी शिकून एखाद्या संस्थानी दप्तराचा हिशेब उलगडला, तर त्याला स्पर्धा जवळजवळ नाहीच. गाइड मिळवणं अवघड जाईल, कारण हे वाणिज्य आणि इतिहास यांच्या मधलं काम. बडोद्यात, दप्तरं तिथेच असल्यामुळे, ते जास्त शक्य वाटतं.

गाइड

इथे मी संस्थेच्या नावाला दुय्यम मानतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार शोधार्थी, ही मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्यांच्याकडे जायचं त्यांची जागा रिकामी आहे का, हे अर्जाआधीच कळू शकतं. त्यांच्या दोन जुन्या शोधार्थींना चहाला बोलवा आणि विचारा, प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागायचे. उत्तर महिन्यांत आलं तर दुसरा गाइड बघा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले लेख कुठे छापून आलेत तेही पाहा. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिकाची पारख ज्याची त्याने करायची आहे, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणारे तेव्हापासून जोरात आहेत.

आयआयएममध्ये हा धोका कमी. तिथे समिती असते आणि नोकरीच्या बाजारात ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलच्या यादीतली वरची नियतकालिकं मोजली जातात. मात्र तिथून बाहेर पडलेला माणूस बहुधा बिझनेस स्कूलमध्येच जातो. शासकीय महाविद्यालयात बदल्या घेत राहायची ज्याची तयारी आहे, त्याला एवढ्या इकॉनोमेट्रिक्सचा उपयोग काय, हे विचारायला हवं.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत अकाउंटिंगची पीएचडी चार-पाच वर्षांची, शुल्कमाफी आणि विद्यावेतनासह. पण एका विभागात वर्षाला दोन-चारच जागा. सीएची पदवी तिथे शोभेपुरती, जीमॅटचं गणित आणि शिफारसपत्रं खरी. नेदरलँड्समध्ये शोधार्थी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. वय २७ च्या आत, गणित पक्कं आणि घरचे पाच वर्षं वाट पाहायला तयार, तर हा पर्याय आयआयएमच्याही वर ठेवा.

आणि एक पाचवा पर्याय तुम्ही न शोधताच फोनवर येईल: "सर, हजेरी नको, प्रबंध आम्ही बघतो, दीड वर्षात डिग्री." दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी यूजीसीला मान्य नाही, आणि परदेशी विद्यापीठाचं नाव लावून एडटेक कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएचडीबद्दल यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दोघांनी २०२२ मध्येच इशारा दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडी प्रवेश देण्यास बंदी झाली. नोकरीच्या वेळी तपासणी होते ती नोंदणीची तारीख, कोर्सवर्कची हजेरी आणि शोधगंगेवरचा प्रबंध यांची, आणि फोनवाला त्या वेळी फोन उचलत नाही.