अ‍ॅड्रेस न दिलेली मॉड्यूल्स आणि सुरक्षा यंत्रणेच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या संस्थेच्या इमारतीत बसवलेल्या अलार्म यंत्रणेतील सहा मॉड्यूल्सपैकी (सेन्सर ज्यांना जोडतात त्या जोड-पेट्यांपैकी) चार मॉड्यूल्स कंट्रोल पॅनलला, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य पेटीला, कधी जोडलेलीच नव्हती, हे मागच्या भांडाराचे शटर उघडून सामान चोरीला गेल्यानंतर आमच्या लक्षात आले. तोपर्यंत कंत्राटदाराने त्या चारही मॉड्यूल्सची नव्या मालाची पूर्ण किंमत, प्रत्येकाला अ‍ॅड्रेस (पॅनलने ओळखण्यासाठीचा क्रमांक) देण्याचे वेगळे शुल्क आणि वार्षिक देखभालीची आगाऊ रक्कम वसूल केलेली होती. ज्यांच्याकडे अशी यंत्रणा बसणार आहे किंवा नुकतीच बसली आहे, त्यांना ही लबाडी वेळेवर ओळखता यावी, म्हणून घडलेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आमच्या पॅनलवर मूळचे आठ झोन, म्हणजे सेन्सर जोडण्याच्या आठ जागा, आहेत. त्याहून अधिक सेन्सर लावायचे असल्याने प्रत्येकी आठ झोनांची सहा एक्स्पांडर (झोन वाढवणारी) मॉड्यूल्स घ्यावी लागली. ही सगळी मॉड्यूल्स चार तारांच्या एकाच बसवर, म्हणजे सामाईक तारांच्या मार्गावर, असतात. दोन तारांतून १२ व्होल्टचा पुरवठा जातो आणि उरलेल्या दोन तारांतून डेटा. तारा सामाईक असल्यामुळे प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा वेगळा अ‍ॅड्रेस द्यावाच लागतो, आणि आमच्या प्रकारात तो मॉड्यूलवरच्या डिप स्विचने, म्हणजे ओळीने बसवलेल्या छोट्या स्विचांनी, ठरतो. या स्विचांचे आकडे क्रमाने १, २, ४, ८ असे असतात आणि चालू स्विचांच्या आकड्यांची बेरीज हा अ‍ॅड्रेस, म्हणजे अ‍ॅड्रेस ५ हवा असेल तर पहिला आणि तिसरा स्विच चालू करायचा. त्यानंतर पॅनलच्या प्रोग्रॅमिंगमध्ये त्या अ‍ॅड्रेसची नोंद करायची, की काम झाले.

फसवणुकीची जागा या नोंदीतच आहे. पॅनल नोंदलेल्या अ‍ॅड्रेसना सतत एकामागून एक पुकारत असते, वर्गात शिक्षक हजेरी घेतात तसे: पटावर नाव असलेला गप्प राहिला तर गैरहजेरी लागते, पण ज्याचे नावच पटावर चढवलेले नाही त्याला कोणी हाक मारत नाही आणि तो नाही म्हणून कोणी विचारतही नाही. नोंदलेले मॉड्यूल बंद पडले तर की-पॅडवर लगेच बिघाड दिसतो. न नोंदलेल्या मॉड्यूलबद्दल मात्र पॅनल काहीच बोलत नाही, आणि त्यावरचे झोन पॅनलच्या लेखी अस्तित्वातच नसल्यामुळे यंत्रणा रोज रात्री विनातक्रार ‘आर्म’ (पहाऱ्यासाठी सज्ज) होत राहते.

काम ताब्यात देताना कंत्राटदाराने आम्हाला सर्व सहा मॉड्यूल्सवर पेटलेले हिरवे दिवे दाखवले. तो दिवा केवळ वीजपुरवठ्याचा होता, संपर्काचा नव्हता. पुढचे दार आणि जिना यांची चाचणी त्याने खरोखर सायरन वाजवून दाखवली, कारण तेथील सेन्सर नोंदलेल्या दोन मॉड्यूल्सवर होते. भांडारात मात्र त्याने सेन्सरसमोरून चालून सेन्सरवरचा लाल दिवा लागतो एवढेच दाखवले आणि सायरनचा त्रास शेजाऱ्यांना नको, असे कारण पुढे केले. हा लाल दिवा सेन्सरने हालचाल ओळखली एवढेच सांगतो. तो संदेश पॅनलपर्यंत पोचला की नाही, याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. शिवाय पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूस १ ते ५६ झोनांची छापील यादी सुबकपणे चिकटवलेली होती. प्रत्यक्षात पॅनलमध्ये २४ पर्यंतचेच झोन होते.

चोरीनंतर पॅनलच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) त्या रात्रीची भांडाराची एकही नोंद सापडली नाही. कंत्राटदाराचे म्हणणे असे, की विजेच्या झटक्याने मॉड्यूल्सचे अ‍ॅड्रेस बदलून एकमेकांवर आले आणि ते पुन्हा देण्यासाठी नव्याने शुल्क भरावे लागेल. हे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या टिकतच नाही. डिप स्विच हा हाताने सरकवायचा स्विच आहे. विजेच्या झटक्याने मॉड्यूल जळू शकते, स्विच सरकत नाही. आणि दोन मॉड्यूल्सचा अ‍ॅड्रेस खरोखरच एक झाला, तर दोन्ही एकाच वेळी उत्तर देतात, संदेश परस्परांत मिसळतात आणि पॅनलवर बहुधा संपर्काचा बिघाड येत-जात राहतो. आमच्या लॉगमध्ये असा एकही बिघाड नव्हता.

दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावून मॉड्यूल्सच्या पेट्या उघडल्या, तेव्हा पहिला पुरावा तेथेच मिळाला: पेटी उघडताच टॅम्परची (पेटीशी छेडछाड झाल्याची) सूचना यायला हवी होती, ती चार पेट्यांच्या बाबतीत आलीच नाही. त्या चारही मॉड्यूल्सना पुरवठ्याच्या तारा जोडलेल्या होत्या आणि डेटाच्या तारा टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेल्या होत्या. तंत्रज्ञाने त्यातले एक मॉड्यूल बसला जोडून पाहिले, तर चालू असलेली दोन मॉड्यूल्सही पॅनलवरून नाहीशी झाली, कारण संपर्काची चिप जळालेली असल्याने ते मॉड्यूल संपूर्ण डेटा लाइनच अडवून धरत होते. ती जुनी, कोठून तरी काढलेली नादुरुस्त मॉड्यूल्स होती. त्यांना अ‍ॅड्रेस देऊन जोडले असते तर ही लबाडी पहिल्याच दिवशी उघडकीस आली असती. म्हणूनच ती न जोडता नुसते दिवे पेटवून ठेवली होती. हे अजाणतेपणी झाले असे मी मानत नाही.

इन्स्टॉलर कोड (पॅनलच्या प्रोग्रॅमिंगमध्ये जाण्याचा सांकेतिक क्रमांक) कंत्राटदाराने ‘कंपनीचे गुपित’ म्हणून स्वतःजवळ ठेवला होता, त्यामुळे मॉड्यूल्सची यादी आम्हाला पाहताच येत नव्हती. अंतिम रक्कम देण्यापूर्वी हा कोड लेखी मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरावा. त्याबरोबर प्रत्येक मॉड्यूलचा अ‍ॅड्रेस, जागा, अनुक्रमांक आणि झोन यांचा तक्ता घ्यावा आणि तो पॅनलमधील यादीशी समोर बसून ताडून पाहावा. तरीही कागदावर पूर्ण विश्वास ठेवू नये. एकेका मॉड्यूलची डेटाची तार काढायला लावावी आणि की-पॅडवर नेमक्या त्याच अ‍ॅड्रेसचा बिघाड येतो का, हे स्वतः पाहावे. मग प्रत्येक सेन्सर चाळवून झोनचा योग्य क्रमांक उमटतो का, ते तपासावे. मोठ्या इमारतीत यात अख्खा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा. नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आणि दार-नियंत्रकांच्या बाबतीतही हेच करावे: उपकरणावर छापलेला मॅक अ‍ॅड्रेस (कारखान्यात दिलेला ओळख-क्रमांक) रेकॉर्डरमधील यादीत दिसला पाहिजे, आणि प्रत्येकाचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) निश्चित व वेगळा असला पाहिजे.

आमच्या लेखी नोटिशीनंतर कंत्राटदाराने कोड दिला आणि अ‍ॅड्रेसिंगचे शुल्क परत केले. मॉड्यूल्सच्या रकमेवरून वाद अजून चालू आहे. त्यात आमच्या बाजूने सर्वांत उपयोगी पडत आहेत ती तारांना हात लावण्यापूर्वी पेट्यांच्या आतून काढलेली छायाचित्रे, ज्यांत मॉड्यूलचा अनुक्रमांक, डिप स्विचांची स्थिती आणि दुमडलेल्या तारा एकाच चौकटीत स्पष्ट दिसतात.