अँकी : शब्द पाठ होतात, नियम पक्का होतो का?

मराठी शुद्धलेखनाचे नियम पक्के करायला अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारे ॲप वापरावे का? जरूर वापरावे. मात्र कार्डे स्वतः बनवायची तयारी हवी. कोणीतरी तयार केलेला डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतला, तर फार तर त्यातले शब्द पाठ होतील.

अँकी 2006 पासून आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवले की कार्ड लांबच्या तारखेला जाते, विसरले की लगेच परत येते. परकीय भाषेतले शब्द, सनावळ्या, राजधान्या यांसाठी हे साधन फार चांगले आहे. नियमाचे तसे नाही. ‘गरीब – गरिबाला’ हे कार्ड पाच वेळा बरोबर आले, तरी तोच माणूस पुढच्या ओळीत ‘वकीलाला’ लिहून मोकळा होतो. ॲप कार्डाची तारीख सांभाळते. त्यामागचा नियम त्याला कळत नाही.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग एकेक प्रसंग टिपतो : हा शब्द, हे कार्ड, हे उत्तर. नियम म्हणजे अशा अनेक प्रसंगांतले साम्य, आणि ते मेंदूच्या बाह्यकवचात सावकाश रुजते. या कामात झोपेचा वाटा मोठा आहे. दिवसा फिरताना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र सक्रिय झाल्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र सक्रिय होतात, असे 1994 मध्ये दिसले. 2009 मध्ये नियम शिकणाऱ्या उंदरांच्या कपाळामागच्या भागातही अशीच पुनरावृत्ती आढळली, आणि नियम उमगताना तयार झालेले पेशींच्या सक्रियतेचे आकृतिबंध त्या झोपेत ठळकपणे परतले. म्हणून एका संध्याकाळी 60 कार्डे उरकण्यापेक्षा पाच संध्याकाळी 12-12 करणे कितीतरी चांगले. अँकीचा दिवस मुळात पहाटे 4 ला बदलतो, त्यामुळे आज शिकलेले उद्या विचारले जाते तेव्हा मध्ये एक रात्र गेलेली असते. ॲपची ही सर्वांत जमेची बाजू.

आता कार्डांकडे. उपांत्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातले) दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात (प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात) ऱ्हस्व होतात, हा नियम घ्या. नियमाचे वाक्य कार्डावर लिहू नका. त्याने वाक्य पाठ होते, हात सुधारत नाही. 12 शब्द घ्या. सहा सरळ : गरीब, वकील, जमीन, फूल, सून, मूल. तीन तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, जिथे दीर्घ तसाच राहतो : शरीर, गीत, सूत्र. तीन असे तीन अक्षरी, की पहिले अक्षर दीर्घ असल्याने ई-ऊच्या जागी अ येतो : बेरीज – बेरजेत, लाकूड – लाकडाला, माणूस – माणसाला. पुढच्या बाजूला ‘जमीन + वर’ एवढेच. मागे ‘जमिनीवर’ आणि खाली चार शब्दांत कारण.

कार्डाचा प्रकार ‘टाइप इन द आन्सर’ हाच निवडा. ‘गरीबाला’ आणि ‘गरिबाला’ दोन्ही वाचताना खटकत नाहीत. चूक उघडी पडते ती टंकताना. तत्सम शब्दांवर वारंवार चुकत असाल तर गाडी नियमापाशी अडलेली नसते, शब्द तत्सम आहे हेच ठाऊक नसते. त्यासाठी ‘शरीर : तत्सम की नाही?’ अशी वेगळी कार्डे करा.

प्रत्येक नियमाला वेगळा डेक ही सर्रास होणारी चूक. डेकचे नावच उत्तर फोडते. सगळे एका डेकमध्ये टाका, नियमाचा क्रमांक टॅगमध्ये लिहा आणि नव्या कार्डांचा क्रम रँडम ठेवा. पहिले काही दिवस चुका वाढतील. त्या वाढू द्या. आता नियम लावण्याबरोबर तो ओळखावाही लागतो, आणि प्रत्यक्ष लिहिताना नेमके तेच करायचे असते.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 18 आहेत : 1962 चे 14, 1972 चे 4. प्रत्येकी 12 धरले तरी 216 कार्डे. ‘कोणता’, ‘एखादा’ यांच्या नियमाला दोनच पुरतात. ॲपमध्ये रोज 20 नवी कार्डे ठरलेली असतात. ती 8 वर आणा, नाहीतर महिन्याभरात उजळणीचा डोंगर होतो. सेटिंगमध्ये एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत चालू करा आणि अपेक्षित स्मरण (विचारतेवेळी कार्ड आठवण्याची शक्यता) 0.90 वरच राहू द्या. 0.95 केल्यास कार्डे बरीच वाढतात, फायदा थोडाच. चुकलात तर ‘अगेन’ हेच बटण दाबा. उत्तर चुकले तरी ‘हार्ड’ दाबणारे पुष्कळ आहेत; ॲप त्याला ‘आठवले’ समजते आणि सगळ्या तारखा बिघडतात. 8 वेळा विसरलेल्या कार्डावर ‘लीच’ अशी खूण येते. ते कार्ड रेटत बसू नका, शब्द बदला.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर ॲप मोफत, आयफोनवर एकदाच सुमारे 25 डॉलर. मिळत्याजुळत्या नावांची वर्गणीवाली ॲप्स वेगळी आहेत, नाव तपासूनच घ्या.

एक काम मात्र अँकी करत नाही : डेकबाहेरच्या शब्दांवर परीक्षा. दर रविवारी वर्तमानपत्रातला 100 शब्दांचा उतारा कोणाला तरी वाचायला सांगून श्रुतलेखन म्हणून लिहावा. त्यात चुकलेला प्रत्येक शब्द नवे कार्ड म्हणून, जुन्याच टॅगखाली.