लाकडी मण्यांची दोरीची रोझरी: काही महिने लोकलमध्ये वापरल्यावर

रोझरी म्हणजे आम्हा कॅथलिकांची जपमाळ: ५९ मणी, खाली क्रूस, मध्ये मरियामातेचं पदक, आणि एका मण्याला एक प्रार्थना. आता थेट तक्रारीवर येते. या रोझरीत 'आमच्या स्वर्गातील बापा'चे ६ मणी आणि 'नमो मरिया'चे ५३ मणी एकाच मापाचे आहेत. गाठीही सगळीकडे सारख्याच आवळलेल्या. डोळे मिटले की दशक, म्हणजे दहा 'नमो मरिया', कुठे संपलं ते अंगठ्याला कळतच नाही.

बांद्र्याच्या जत्रेत १२० रुपयांना घेतली. आधीची साखळीची होती. तिच्या कड्या उघडायच्या, ओढणीत अडकायच्या आणि पर्समधून काढताना असा खुळखुळाट, की लेडीज डब्यातल्या बायका वळून बघायच्या. ही दोरीची, हलकी, मुकी. ऑक्टोबरभर मी खूश होते. ऑक्टोबरात आमच्या वाडीत घरोघरी रोझरी असते. पुढे म्हणणारी बाई मोजते, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तिथे मणी कसे का असेनात.

गाडीत मात्र आपणच पुढे आणि आपणच मागे. वसईला क्रूस हातात घेतला की बोरिवलीच्या आत पाच दशकं होतात, असा माझा हिशोब. दर दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात; वाराप्रमाणे आनंदाची, दुःखाची अशी ती ठरलेली असतात. आता भाईंदरच्या पुलावर दुःखाचं दुसरं रहस्य, प्रभूला खांबाला बांधून फटके मारताहेत, आणि माझं डोकं 'हा नववा की दहावा?' यात. मोजणं बोटांवर सोपवून मन रहस्यावर ठेवायचं, एवढ्यासाठी तर माळ घ्यायची. डोळे उघडून मणी बघत बसायचं असेल तर हाताची दहा बोटं फुकट आहेत.

पुढे बांद्र्याला माउंट मेरीच्या डोंगरावर मेणबत्त्या लावायला गेले तेव्हा त्याच स्टॉलवाल्याला दाखवली. "मॅडम, सगळे हीच नेतात." बदलून द्या म्हटलं, तर "देवाची वस्तू परत घेत नाही." विकताना बरी चालते!

मग ४० रुपयांची दहा टिंबांची जपाची अंगठी घेऊन पाहिली. दहावं बरोबर कळतं, पण दशक कितवं ते परत डोक्यातच ठेवायचं. ड्रॉवरमध्ये पडली आहे.

शेवटी सासूबाईंनी त्यांच्या तुटलेल्या माळेतले सहा मोठे काचेचे मणी काढून दिले. त्या जुन्या वळणाच्या. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्यं दिली, तरी त्या गुरुवारी पूर्वीसारखी आनंदाचीच म्हणतात. ते मणी घेऊन मंगळसूत्र गाठवणाऱ्याकडे गेले. "वाट्या कुठे घालायच्या?" त्याने विचारलं. वाट्या नाहीत, क्रूस आहे म्हटल्यावर हसला. नवी दोरी, प्रत्येक मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा, सगळं ६० रुपयांत.

आणि इथे माझं मत बदललं. दोरीचीच घ्या. साखळीची असती तर हे ६० रुपयांत जमलंच नसतं. आता अंगठा काचेवर थंड लागला की 'आमच्या बापा' आपोआप सुरू होतं, आणि बोरिवलीला उतरताना रहस्य कुठलं होतं तेही आठवतं. लाकडाचा तपकिरी रंग अजून घामाने तळव्याला लागतो, पांढरा ड्रेस असेल त्या दिवशी जपून. घेताना स्टॉलवरच डोळे मिटून एक दशक चाचपून बघा, स्टॉलवाला कितीही घाई करो.

पाचपैकी तीन. त्यातला एक गाठवणाऱ्याचा.