चिल्का एकच, वाटा दोन: नेव्ही अग्निवीर की कोस्ट गार्ड नाविक?

परवा ताईचा फोन आला. भाच्याने नेव्ही अग्निवीर एसएसआर (चार वर्षांची भरती, बारावीवाल्यांची) आणि कोस्ट गार्ड म्हणजे तटरक्षक दलातला नाविक जीडी (जनरल ड्युटी) असे दोन्ही फॉर्म भरलेत आणि पोरगं रोज एकच विचारतंय, मामा दोन्हीकडे नाव लागलं तर कुठं जाऊ आणि ट्रेनिंग कुठलं सोपं. मी माण तालुक्यातला, नव्वदच्या दशकात आयएनएस चिल्काला ट्रेनिंग केलं, १५ वर्षं नोकरी करून पेन्शनवर घरी आलो, आणि आता गावाकडची भरतीची पोरं अधूनमधून विचारायला येतात. त्यामुळे भाच्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ट्रेनिंग कुठलं सोपं हे बघून निवड करूच नका, कारण दोघांचंही बेसिक ट्रेनिंग एकाच ठिकाणी होतं. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का आहे, नाव जहाजासारखं असलं तरी ते जमिनीवरचं ट्रेनिंग सेंटर आहे, १९८० पासून चालू. नेव्हीचे सेलरही तिथंच घडतात आणि कोस्ट गार्डचे नाविकही. तोच परेड ग्राउंड, तोच स्विमिंग पूल आणि तोच घाम. फरक आहे तो तिथून बाहेर पडल्यावर, आणि खरा विचार त्याचाच करायचाय.

पण ट्रेनिंगची भीती सगळ्यांनाच असते म्हणून आधी ते सांगतो.

मुंबईहून पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम करत कोणार्क एक्सप्रेस ओडिशात जाते, दीड दिवसाचा प्रवास, आणि उतरलं की पहिलं काय जाणवतं तर हवा. आपल्याकडचं ऊन कोरडं, तिथं दमट, सकाळी सहाला पण शर्ट अंगाला चिकटतो. पोचल्यावर कागदपत्रं परत तपासतात आणि मेडिकलही परत होतं, त्यामुळे गावात पेढे वाटून निघालेला पोरगा तिथून परत येऊ शकतो हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, हे दोन्हीकडे लागू आहे. कानातला मळ, दात, वाढलेलं वजन असल्या बारीक गोष्टी निघायच्या आधीच डॉक्टरला दाखवून घ्या. रंग ओळखण्याची टेस्ट तर फॉर्म भरायच्या आधीच करा, कारण त्यात अडकलं तर दोन्ही दारं बंद होतात.

मग केस जातात, किट मिळतं, फोन हातात राहात नाही, ठरलेल्या वेळी मिळतो. पहाटे अंधारात उठायचं, दाढी, बिछाना, फॉल-इन म्हणजे रांगेत हजेरी, पीटी, नाश्ता, मग वर्ग आणि ड्रिल, संध्याकाळी खेळ, रात्री राउंड्स म्हणजे बॅरेकची तपासणी आणि झोप. वर्गात नेव्हीची रचना, पदं, सीमनशिप म्हणजे खलाशाची कामं, आग विझवणं हे सगळं येतं, दोरीच्या गाठी तर बोटांना पाठ व्हाव्या लागतात. रायफल फायरिंग असतं, ऑब्स्टॅकल कोर्स असतो, आणि बोट पुलिंग म्हणजे सगळ्यांनी मिळून वल्ही मारायची. ते करताना तळहाताला फोड येतात, फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं परत वल्हं धरायचं असतं.

पहिले तीन आठवडे सगळ्यात वाईट. शरीरापेक्षा डोक्याला जास्त जड जातं, कारण दिवसभरात एक मिनिट स्वतःचं नसतं आणि चूक एकाची झाली तरी शिक्षा अख्ख्या डिव्हिजनला, म्हणजे तुकडीला. माझ्या शेजारच्या बेडवरचा मुलगा रोज रात्री म्हणायचा उद्या घरी जातो. तो गेला नाही, पुढं माझ्याच जहाजावर आला. चौथ्या आठवड्यात काय होतं माहीत नाही पण शरीर आपोआप उठायला लागतं, शेजारचा आपला वाटायला लागतो आणि जेवण तर असं जातं की घरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

पोरांना वाटतं धावण्यात मरणार. तसं नाहीये. भरतीला नेव्हीत मुलांना १.६ किमी साडेसहा मिनिटांत लागतं, कोस्ट गार्डला सात मिनिटांत, आणि आपल्याकडची पोरं त्यापेक्षा पुढंच असतात. पोरं मागे पडतात ती तीन गोष्टींनी: पाणी, नडगी आणि पाय.

पाणी म्हणजे पोहणं. मालवण-रत्नागिरीचं पोरगं हसत उडी मारतं, आणि आमच्या माण-खटावचं किंवा बीड-जालन्याचं पोरगं पूलच्या कडेला पांढरं पडतं. मी पण पडलो होतो. आमच्याकडं विहिरीला पाणी असायचं ते दिवाळीपर्यंत, त्यातही आई उतरू द्यायची नाही. तिथं पोहायला शिकवतात हे खरं, पण बाकीचे आराम करतात तेव्हा ज्यांना येत नाही त्यांना जास्तीचा क्लास, आणि उंचावरून उडी, पोहणं, पाण्यात तरंगत राहणं हे जमल्याशिवाय सुटका नाही. म्हणून निकालाची वाट बघत घरी बसू नका, त्या तीन-चार महिन्यांत पोहणं शिका, पाठीला डबा बांधून शिका पण शिका.

नडगीचं असं की गावाकडं पोरं डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटात पळतात, आधीच हाड दुखत असतं, तिथं रोजचं ड्रिल सुरू झालं की दुखणं हाडाच्या बारीक फ्रॅक्चरपर्यंत जातं, मग आराम, आणि आराम लांबला की पोरगं आपल्या बॅचच्या मागे पडतं. मातीवर पळा आणि दुखलं तर थांबा. आणि पाय म्हणजे बोटांमधल्या चिखल्या, दमट हवेत ओला मोजा दिवसभर राहिला की दोन दिवसांत होतात. रात्री पाय कोरडे करून पावडर टाकायची, एवढंच. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतोय.

आता फरकाकडे येतो.

अग्निवीरची चार वर्षं ट्रेनिंग धरून आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये जी पहिली बॅच चिल्कातून पासआउट झाली तिचं ट्रेनिंग साधारण १६ आठवड्यांचं होतं. सुमारे २६०० अग्निवीर होते, त्यात २७३ मुली, आणि ती परेड सूर्यास्तानंतर झाली, असं आधी कधी झालं नव्हतं. आमच्या वेळी बेसिक यापेक्षा लांब होतं. कमी आठवड्यांत तेवढंच बसवायचं म्हटलं की दिवस जास्त भरलेला असणार, तेवढी तयारी घरून करून जा.

पैशाचं बघितलं तर अग्निवीरला पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० चं पॅकेज, हातात २१,००० आणि ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या साठ्यात. चौथ्या वर्षी पॅकेज ४०,०००, हातात २८,०००. सेवा निधीत आपण भरतो तेवढेच सरकार भरतं, चार वर्षांनी साधारण १०.०४ लाख आणि वर व्याज, त्यावर इन्कम टॅक्स नाही. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला पडत नाही. वर्षाला ३० दिवस सुट्टी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, चार वर्षं लग्न करता येत नाही, आणि शेवटी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं पुढं कायम होणार.

कोस्ट गार्ड अग्निपथमध्ये, म्हणजे या अग्निवीर योजनेत येत नाही. तिथं नाविक म्हणजे कायमची नोकरी, मूळ पगार महिन्याला २१,७०० आणि वर महागाई भत्ता नि बाकीचे भत्ते. पेन्शन आमच्यासारखी जुनी नाही, एनपीएसवाली, म्हणजे पगारातून कापून साठवायची, पण चार वर्षांनी हातात बॅग घेऊन गावी यायची वेळ येत नाही. मग सगळे तिकडंच का जात नाहीत, तर जागाच कमी, गेल्या काही वर्षांत एका बॅचला बहुतेक अडीचशे-तीनशेच्या घरात आणि त्याला अख्खा देश बसलेला. म्हणून फॉर्म दोन्ही भरायचे, जीडीला आणि एसएसआरला बारावीचं गणित-फिजिक्सच लागतं, अभ्यास बराचसा एकच आहे. दहावीवाल्यांना नेव्हीत एमआर (मॅट्रिक रिक्रूट) आणि कोस्ट गार्डमध्ये नाविक डीबी (डोमेस्टिक ब्रँच).

कामाचं वेगळेपण पोरं बघतच नाहीत आणि मला वाटतं तेच आधी बघावं. नेव्हीत चिल्कानंतर ट्रेडप्रमाणे पाठवतात, इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला वालसुरात, तोफा-क्षेपणास्त्रवाले कोचीला द्रोणाचार्यमध्ये, स्वयंपाक-स्टोअरवाले मालाडला हमलात. मग मोठी जहाजं, लांबच्या सफरी, बरेच दिवस किनारा दिसत नाही. पण यंत्र असं हाताळायला मिळतं की जे शिकाल ते बाहेर पण चालतं, फक्त शिकतानाच नोंदी, सर्टिफिकेट, सगळं जपून ठेवा, चार वर्षांच्या अग्निवीराला तर तीच खरी कमाई आहे.

कोस्ट गार्डची जहाजं तुलनेनं लहान, आणि लहान जहाज पावसाळ्यात जास्त हलतं, उलट्या होतात, सवय व्हायला वेळ लागतो. पण काम रोजचं आणि डोळ्यासमोरचं. वादळात अडकलेली मासेमारी बोट शोधायची, तस्करी पकडायची, समुद्रात तेल सांडलं तर आवरायचं. समुद्रात संकटात सापडलेल्यांसाठीचा १५५४ नंबर पण कोस्ट गार्डचाच. आपल्याकडं डहाणू, मुरुड-जंजिरा, रत्नागिरीला त्यांची स्टेशनं आहेत, म्हणून कधीतरी घराजवळ पोस्टिंगची आशा राहते, पण त्या भरवशावर जाऊ नका, बदली देशभर कुठंही होते.

मुलींनी मात्र सरळ नेव्हीचा विचार करावा, कारण आतापर्यंत नाविक भरतीच्या जाहिराती मुलांसाठीच निघाल्यात, कोस्ट गार्डमध्ये मुलींना वाट आहे ती ऑफिसर म्हणून. नेव्हीत मुलींना १.६ किमीला आठ मिनिटं.

आणि मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांवरची नोकरी हा वेगळा विषय आहे, ती फौज नाही. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा सहा महिन्यांचा कोर्स स्वतःच्या पैशानं करावा लागतो आणि नोकरी कंपनीवर अवलंबून, त्यामुळे डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या यादीत संस्था आहे का हे बघितल्याशिवाय कुठल्याही एजंटला एक रुपया देऊ नका, आमच्या भागातल्या दोन घरांनी जमीन गहाण टाकून पैसे घालवलेत.

माझं मत विचाराल तर, घरी कमावणारं कुणी नाही, डोक्यावर कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, आणि नशिबानं दोन्हीकडे नाव लागलं, तर डोळे झाकून कोस्ट गार्ड. पण वय साडेसतरा-अठरा आहे आणि घरचं बरं चाललंय तर नेव्हीची चार वर्षं वाया जात नाहीत, बाविसाव्या वर्षी हातात दहा लाख आणि अंगात शिस्त घेऊन बाहेर पडता, शिवाय कोस्ट गार्डमध्ये अग्निवीरांना १० टक्के आरक्षण जाहीर झालेलं आहे. एकवीस पूर्ण व्हायला आलेल्यानं मात्र नीट विचार करावा, कारण पंचविशीत परत पहिल्यापासून नोकरी शोधणं सोपं नाही. नेव्हीची पहिली बॅच २०२२ च्या नोव्हेंबरात गेली, तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात. त्या पोरांचं पुढं काय होतं याकडे माझं लक्ष आहे, कारण त्यातली दोन आमच्याच गावची आहेत.

भाच्याचं वय अठरा, घरी बागायत आहे, बाप कमावता आहे. त्याला म्हटलं दोन्ही परीक्षा मन लावून दे, जिथं आधी नाव लागेल तिथं जा, पण सध्या रोज सकाळी विहिरीवर जा. डबा बांधून आता पोरगं विहिरीच्या या काठावरून त्या काठाला जातंय, पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो की डबा सोडायला लावणार आहे.