लातूरहून समुद्रात: तीन मुलं, दोन क्रूझ आणि वर्षभरानंतरचा अनुभव

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ केली. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरहून निघून पिनांग आणि फुकेत करून परत येणारी तीन रात्रींची. आम्ही म्हणजे मी, नवरा, दहावीतली लेक, नऊ वर्षांचा धाकटा आणि अंबाजोगाईच्या माझ्या भावाचा तेरा वर्षांचा मुलगा. घरी आल्या आल्या लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता पहिल्या सफरीला वर्ष होत आलंय, दुसरीला सहा महिने झालेत. कोणता पैसा वसूल झाला आणि कोणता वाया गेला, हे आत्ता कुठे कळतंय.

आधी मुद्द्याचं सांगते. क्रूझला लोक लहान लेकरांची मौज म्हणून जातात. आमच्या अनुभवानं तिचा खरा उपयोग वयात आलेल्या मुलांना होतो. पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री आठ वाजता एकटीनं फिरायला लातुरात आम्ही पाठवत नाही. तिचा दिवस शाळा, क्लास, घर एवढाच. जहाजावर तिला पहिल्यांदा 'जा, फिरून ये' म्हणता आलं. जहाज मोठं असलं तरी त्याला शेवट आहे, बाहेरचं कुणी मधेच चढत नाही, प्रत्येक माणसाची चढता-उतरताना नोंद होते. पहिल्या संध्याकाळी ती वरच्या डेकवर एकटी जाऊन अर्धा तास कठड्याला टेकून उभी होती. मी लांबून बघत होते. ती काही करत नव्हती, नुसती उभी होती. इतकं निवांत मी तिला दहावीच्या अख्ख्या वर्षात पाहिलं नव्हतं.

मोकळीक दिली म्हणजे वाऱ्यावर सोडलं असं नाही. आम्ही केबिनमध्ये बसून तिघांना चार गोष्टी बजावल्या होत्या. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, मग तिथं कितीही चांगली दोस्ती झालेली असो. कर्मचाऱ्यांसाठी राखीव दारातून आत जायचं नाही. धाकट्यानं एकट्यानं कुठंच जायचं नाही. आणि रात्री नऊला, काहीही चालू असलं तरी, जेवणाच्या हॉलच्या दाराशी यायचं. फोन चालत नसल्यामुळे ही नऊची वेळ फार महत्त्वाची ठरली. जहाजावर बार असतो, कॅसिनो असतो. मुलांना आत घेत नाहीत, पण येता-जाता दिसतंच. माझ्या सासूबाईंना याचीच काळजी होती. आम्ही लपवलं नाही. भाच्यानं विचारलं तेव्हा ह्यांनी त्याला सरळ सांगितलं, तिथं लोक पैसे लावतात आणि बहुतेक हरतात. विषय तिथंच संपला.

फोनचं मात्र महागात पडलं. मुंबईचा किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं, पण जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरून चालणारं नेटवर्क असतं आणि फोन ते आपोआप पकडतो. लेकीच्या फोनचं रोमिंग चालू राहिलं होतं. रात्री मागच्या मागे कसले कसले अपडेट झाले आणि पुढच्या महिन्यात साडेचार हजारांचं बिल आलं. कंपनीशी भांडून उपयोग झाला नाही. दुसऱ्या वेळी जहाजात पाय टाकण्याआधी सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकून घेतले. पहिले काही तास मुलं कासावीस होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पत्ते खेळत बसलेली दिसली. घरी कपाटात पडलेला तो पत्त्यांचा कॅट कुणी आणला होता, मला अजून माहीत नाही.

पहिल्या सफरीला आम्ही लातूर एक्स्प्रेसनं गेलो. रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं दहा मिनिटांवर. विमानाची गरज नाही, हे मराठवाड्यातल्यांनी लक्षात ठेवावं. सोबत मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या होत्या. तपासणीच्या रांगेत कळलं की घरी शिजवलेलं काही आत नेता येत नाही. इस्त्री आणि पाणी गरम करायची किटलीसुद्धा नाही, आगीच्या भीतीनं. मग रांगेतून बाहेर येऊन, बॅगांवर बसून, पाचही जणांनी धपाटे तिथंच खाल्ले. शेजारच्या गुजराती कुटुंबालाही दिले. त्यांची मुलं आणि आमची मुलं पुढचे दोन दिवस एकत्रच होती, ती ओळख त्या धपाट्यांवर झाली. शाकाहारी जेवण जहाजावर भरपूर असतं, त्याची चिंता नको. भाकरी मात्र मिळत नाही.

कागदपत्रांचं एक सांगते, कारण ऐनवेळी अडकतं. भाचा आमचा मुलगा नाही, म्हणून त्याच्या आई-वडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आमच्याकडे मागितल्या. एजंटानं हे सांगितलं नव्हतं. भावानं मागच्याच आठवड्यात सहज म्हणून करून दिलं होतं, म्हणून निभावलं. केबिनचंही तसंच. मुलांना वेगळी केबिन देत नाहीत, प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतं. आम्ही दोन केबिन शेजारी शेजारी घेतल्या, एकीत मी आणि लेक, दुसरीत हे आणि दोन्ही पोरं. पाच जण एका केबिनमध्ये कोंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. या वयाच्या मुलीला स्वतःचं न्हाणीघर वेळेवर मिळणं ही साधी गोष्ट नाही.

पहिल्या रात्री भाचा आजारी पडला. आमची केबिन जहाजाच्या पार पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर होती. एजंट म्हणाला होता, तिथून समुद्र छान दिसतो. रात्री अकराला लाटा वाढल्या आणि पोराला उलट्या सुरू झाल्या. सी-सॉवर टोकाला बसलेलं मूल जास्त वर-खाली होतं, मधल्याला काही कळत नाही, तसंच हे. जहाजाचा मध्य आणि खालचा मजला सगळ्यांत कमी हलतो. दुसऱ्या वेळी आम्ही तशीच केबिन घेतली आणि कुणालाच त्रास झाला नाही. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. त्या रात्री आम्ही त्याला उघड्या डेकवर नेलं, गार वाऱ्यात बसवलं आणि लांबच्या दिव्याकडे बघायला लावलं. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात भिंत स्थिर आहे, त्या भांडणातून मळमळतं. बाहेर नजर टाकली की दोघांचं जमतं. आलेपाकाची वडी चघळत तो एकपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता. तेरा वर्षांचा मुलगा एरवी आत्याच्या जवळ बसत नाही.

ज्यांना आपल्या मुलांचं आधी तपासून बघायचंय त्यांनी मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीनं एक फेरी करावी. साधारण तासाभराचा प्रवास आहे, २०२० पासून चालू आहे. ज्याला तिथं मळमळेल त्याची तयारी करून ठेवावी. आणि मुंबईहून जायचं तर पावसाळ्यानंतरच, नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या सफरी बंदच असतात.

निघण्याआधी सुरक्षेचा सराव होतो. लोक कंटाळतात, मोबाईल काढून बसतात. मला विचाराल तर मुलांसोबतच्या क्रूझमधला सगळ्यांत मोलाचा अर्धा तास तोच. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचं. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर समुद्रावरच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम १९१४ मध्ये पहिल्यांदा झाले, हे लेकीला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं ते २०१२ चं. इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. आता सराव निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावाच लागतो. धाकट्याला आमच्या केबिनमधलं लाइफ जाकीट मोठं होत होतं, हनुवटीच्या वर येत होतं. ह्यांनी तिथल्या माणसाला थांबवून लहान मुलांचं जाकीट मागून घेतलं. लगेच आणून दिलं, पण आपण मागेपर्यंत कुणी देत नाही. केबिनमध्ये गेल्यावर पहिलं हे बघा.

पोहण्याच्या टाकीबद्दल माझी तक्रार आहे. टाकी लहान, गर्दी फार, आणि पहिल्या जहाजावर जीवरक्षक नव्हता, नुसती पाटी होती. आमची तिन्ही मुलं गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली, तरी आमच्यातलं एक जण काठावर बसूनच राहिलं. जहाज हललं की टाकीतलं पाणीही हलतं, विहिरीतला पोहणारासुद्धा गडबडतो. उपाय आम्हाला गोव्याला सापडला. जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर. धावतपळत जायचं, टॅक्सीत निम्मा वेळ घालवायचा आणि परत यायचं. सगळं जहाज गोव्यात उतरलं, आम्ही उतरलो नाही. टाकी रिकामी, घसरगुंडी रिकामी, जेवायला रांग नाही. मुलांना विचारा, पहिल्या सफरीतला सगळ्यांत चांगला दिवस कोणता, तर तोच सांगतात.

सगळ्यांत मोठी उणीव भाच्याच्या वयाची. लहान मुलांची खोली बारा वर्षांपर्यंत. तिथं सही करून मूल सोडायचं, सही करून घ्यायचं, चोख व्यवस्था. धाकटा तिथून निघायला तयार नसायचा. पण तेराच्या मुलासाठी पहिल्या जहाजावर काहीच नव्हतं. तिथं तो मोठा आणि बाकी सगळीकडे लहान. मग तो व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर गेला. पैसे रोख लागत नाहीत, केबिनचं कार्ड टेकवायचं. शेवटच्या सकाळी हिशेबात त्याचे २,२०० रुपये निघाले. त्याला कळलंच नव्हतं की दर खेळाला पैसे जातायत. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून मिळते, पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन सांगावं लागतं. सिंगापूरच्या जहाजावर चढायची भिंत होती, दोरांवरचे खेळ होते, तेरा ते सतराच्या मुलांना एकत्र खेळवणारी माणसं होती. तिथं भाचा दोन दिवस जेवायलाच फक्त भेटला. वयात आलेलं मूल असेल तर तिकिटाआधी एवढं एकच विचारा: तेरा ते सतराच्या मुलांसाठी काय आहे?

सिंगापूरला आम्ही हैदराबादहून गेलो. लातूरला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, बीदर-झहीराबादवरून. सिंगापूरचा व्हिसा पुन्हा आत येता येईल असाच हवा, कारण जहाज देश सोडून जातं आणि परत येतं. आणि वेळेचं फार सांभाळा. जहाज सिंगापूरच्या वेळेनं चालतं आणि थायलंड तासभर मागे आहे. फुकेतला जहाज लांब थांबलं होतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणलं. परतीची शेवटची बोट चारला. किनाऱ्यावर लेकीनं फोन सुरू केला, त्यानं तिथलं नेटवर्क पकडलं आणि वेळ आपोआप तासभर मागे गेली. ती म्हणाली, मम्मी, अजून तीनसुद्धा वाजले नाहीत. ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर होतं, त्यात पावणेचार होऊन गेले होते. आम्ही पाचही जण वाळूतून पळालो. साधं, हातानं लावायचं घड्याळ प्रत्येक मुलाच्या हातात असावं.

खर्चाचं स्पष्ट सांगते. घरून निघून घरी परत येईपर्यंत पहिल्या सफरीला पाच जणांचे एक लाख दहा हजार लागले. जाहिरातीतला आकडा त्याहून बराच कमी होता. बंदराचे पैसे, कर, सेवेचे पैसे वेगळे असतात. दुसरीचं बजेट आम्ही दोन वर्षं भिशीतून जमवलं होतं. ती घाई करून केली, कारण लेक आता अकरावीला आहे आणि वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा क्लास आहे. लातुरात याचा अर्थ काय ते लातूरकरांना सांगायला नको. दहावीची परीक्षा मार्चात संपली आणि पुढची बॅच एप्रिलच्या मध्याला सुरू होणार होती. तेवढेच दिवस मधे होते.

एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ही सहा-सात वर्षांची होती, टँकरच्या रांगेत माझा पदर धरून उभी राहायची. सिंगापूरच्या जहाजावर अंघोळीला गेली, तर नळ सुरू, बंद, सुरू, बंद असा आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाली, साबण लावताना बंद करते. हे पाणी जहाज समुद्रातूनच गोडं करून घेतं, हे धाकट्यानं तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून आणलं होतं. तिला ते माहीत होतं. तरी नळ बंदच.

आणि मुंबईहून निघालो त्या संध्याकाळचं. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो, केबिन घ्यायची तर डावीकडचीच घ्या. अंधार पडल्यावर डावीकडे एक दिवा ठरावीक वेळानं लुकलुकत होता. शेजारी उभ्या एका आजोबांनी मुलांना सांगितलं, तो खांदेरी, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, आता तिथं दीपस्तंभ आहे. मुलं ऐकून पुढे पळाली. मला वाटलं, कानावरून गेलं. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले. त्या दिवशी धाकटा शाळेतून आला तो दप्तर न काढताच पेपर घेऊन स्वयंपाकघरात. यादीतल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, मम्मी, याचा दिवा आपण रात्री पाहिलाय. मग त्यानं अंबाजोगाईला फोन लावला.