आईंसाठी ८ दिवस घरी बाई ठेवली, इंदूरचा अनुभव

सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून मी एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिले नव्हते. भाच्याच्या मुंजीला पुण्याला जायचंच होतं, हे दिवसभर ऑफिसला, म्हणून होम केअर एजन्सीकडून ८ दिवस बाई घेतली. सकाळी ८ ते रात्री ८, रोजचे ९०० रुपये.

आधी एक विचारून घ्या, येणारी अटेंडंट आहे की नर्स, कारण फोनवर सगळ्यांना सिस्टरच म्हणतात. अंग पुसणं, डायपर, भरवणं, कूस बदलणं अटेंडंट करते. इंजेक्शन, नळीतून फीड, कॅथेटर बदलणं असेल तर एएनएम नाहीतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेलीच मागा, पैसे जास्त लागतात पण तिथे चालवून घेऊ नका. आमच्या आई तोंडाने खातात, त्यामुळे अटेंडंटवर भागलं.

बाई कामाला खरंच चांगली. आईंना नीट ताठ बसवून डाव्या बाजूने चमचा द्यायची, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही, शेवटी उजव्या गालात काही राहिलंय का ते बघायची आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायची नाही. मला हे कळायला तीन महिने लागले होते.

अडलं ते भाषेवर. आई जन्मभर इंदुरात, भाजीवाल्याशी हिंदीत भांडायच्या, पण अ‍ॅटॅकनंतर जे चार शब्द उरलेत ते मराठीच. नशीब मी दोन दिवस घरी असतानाच बाई सुरू केली होती. मी स्वयंपाकघरात, आणि आतून रामरक्षा ऐकू यायला लागली. जाऊन बघते तर आई डोळ्यांत पाणी आणून पाठ, पाठ म्हणतायत आणि त्या बिचारीला वाटलं आजींना पाठ ऐकायचाय, तिने मोबाईलवर लावून दिला. हिंदीत पाठीला पीठ म्हणतात ना. पाठ दुखत होती हो त्यांची, दोन तास झाले होते, कूस बदलायची वेळ होती. मला इतकं वाईट वाटलं! मग कागदावर लिहून पलंगाशी चिकटवलं, पाठ म्हणजे पीठ, उकडतंय म्हणजे गर्मी, लघवी, तहान, सगळं. लिपी एकच, त्यामुळे तिला वाचता आलं.

राग एकाच गोष्टीचा, पाचव्या दिवशी न कळवता दुसरीच बाई पाठवली. आई दुपारपर्यंत जेवल्याच नाहीत, यांना ऑफिसातून यावं लागलं. मी पुण्याहून फोन केला तर म्हणे पहिलीला दुसरीकडे लावलंय. आजारी माणसाला रोज नवीन चेहरा कसा चालेल? खूप बोलले तेव्हा सहाव्या दिवशी पहिली परत आली. बदली करायची तर आदल्या दिवशी सांगायचं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्याच, आणि आधार कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन पण बघा.

बाकी पुण्यात तीन रात्री सलग झोपले, दीड वर्षानंतर. दिवाळीनंतर चार दिवसांसाठी परत बोलावतेय, तीच बाई हवी असं आत्ताच सांगून ठेवलंय.