धर्मप्रांताचा फादर की मिशनरी? दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहताना

फादर व्हायचा विचार ज्या मुलाच्या मनात येतो, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्या चर्चचे फादर असतात. रोज मिस्सा अर्पण करणारे, आजाऱ्याच्या घरी येणारे. त्यामुळे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, हे धर्मप्रांताचा (एका बिशपांच्या हद्दीचा) धर्मगुरू होण्यासाठीच असतं, असं त्याला वाटू लागतं आणि मिशनरी धर्मसंघाचा विचार सुरूच होत नाही. तो सुरू व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोघांची गुरुदीक्षा एकच, मिस्साही तीच. फरक आहे तो कोण कोणाशी बांधला जातो यात. धर्मप्रांताचा धर्मगुरू आपल्या बिशपांशी आणि एका भागातल्या माणसांशी बांधला जातो. बदल्या होतात, पण सहसा धर्मप्रांताच्या हद्दीच्या आतच. ज्या बाळाला बाप्तिस्मा दिला त्याचं लग्नही आपणच लावायचं, हे सुख त्याला मिळू शकतं. मिशनरी मात्र एका बंधुसमाजाशी बांधला जातो आणि तो समाज त्याला पाठवतो. जिथं शुभवर्तमान पोचलेलं नाही तिथं, किंवा पोचलंय पण ख्रिस्तसभा अजून स्वतःच्या पायांवर उभी नाही तिथं.

धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही, त्यामुळे स्वतःच्या नावावर पैसा ठेवू शकतो. संन्यस्त मिशनरी ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं घेतो. त्याची कमाई धर्मसंघाची. घराला हातभार लावायची जबाबदारी तुझ्यावर असेल, तर ही गोष्ट पहिल्याच भेटीत बोल. फेडता येत नाही असं कर्ज डोक्यावर असलेल्याला नव्हिशिएटमध्ये, म्हणजे धर्मसंघातल्या सुरुवातीच्या तयारीच्या काळात, घेऊ नये, असं कॅनन कायदा, म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदाही सांगतो.

मुलं ब्रह्मचर्याबद्दल जास्त विचारतात. माझ्या मते मिशनऱ्याची खरी कसोटी आज्ञापालनात लागते. परकी भाषा शिकायची, त्या भाषेत लोकांचं पापनिवेदन ऐकण्याइतकं मुरायचं, लोक घरचा मानू लागले की सुपिरियरचं, म्हणजे धर्मसंघातल्या वरिष्ठांचं पत्र येतं आणि पुन्हा सामान बांधायचं. हे वाचून भीती वाटली तर ते स्वाभाविक आहे. पण भीतीबरोबर ओढही वाटत असेल, तर ती झटकून टाकू नकोस. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढं त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. दुसऱ्याच्या भाषेत इतकं खोल उतरणं प्रेमाशिवाय होत नाही.

‘एकदा गेलो की अडकलो’ ही भीती दोन्हीकडं असते, आणि दोन्हीकडं ती वाजवीपेक्षा जास्त असते. धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचा किमान 6 वर्षांचा अभ्यास लागतो, आणि दीक्षेसाठी साधारणपणे वयाची 25 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. धर्मसंघात याखेरीज नव्हिशिएट असतं, निदान 12 महिन्यांचं. येशूसंघात 2 वर्षांचं. त्यानंतरची पहिली व्रतं बहुतेक धर्मसंघांत ठरावीक मुदतीची असतात. एरवी 3 ते 6 वर्षं अशी जातात, आणि मुदत संपल्यावर कुणी निघून गेला तर त्यानं व्रत मोडलं असं होत नाही. कायमची व्रतं 21 वर्षांच्या आधी घेताच येत नाहीत.

एक गोष्ट फक्त धर्मसंघाच्या बाजूला आहे: ब्रदर म्हणून जगणं. गुरुदीक्षा न घेता, पण तीच तिन्ही व्रतं घेऊन. याकडं लोक कमीपणानं पाहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मायोर्का बेटावरच्या येशूसंघाच्या कॉलेजात आल्फोन्सो रॉड्रिग्ज हे ब्रदर वर्षानुवर्षं द्वारपाल होते. तिथं शिकणाऱ्या पेद्रो क्लाव्हेरला अमेरिकेतल्या मिशनला जा, असं त्यांनीच सांगितलं. क्लाव्हेर आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात गेले आणि आफ्रिकेतून जहाजांत कोंडून आणलेल्या गुलामांची सेवा करत राहिले. 1888 मध्ये दोघांनाही एकाच दिवशी संत घोषित करण्यात आलं.

धर्मसंघही सगळे सारखे नाहीत. सलेशियन मुख्यतः तरुणांसाठी, तर 1875 मध्ये स्थापन झालेला एस.व्ही.डी. (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) मुळातच मिशनकार्यासाठी. पॅरिसची परदेशी मिशन संस्था तर संन्यस्त व्रतं न घेताच माणसं आशियात पाठवत आली.

आज निवडलेली वाट पुढं बदलूही शकते. योसेफ फ्राइनाडेमेत्स 1875 मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये धर्मप्रांताचे धर्मगुरू झाले. तीनच वर्षांनी बिशपांच्या परवानगीनं ते एस.व्ही.डी.मध्ये गेले, 1879 मध्ये चीनला पोचले आणि 1908 मध्ये तिथंच वारले. घरी ते परतलेच नाहीत. मधली वाटही आहे. 1957 मध्ये पोप पायस बारावे यांनी आवाहन केल्यापासून धर्मप्रांताचे धर्मगुरूही काही वर्षांसाठी मिशनला जातात आणि परत येतात.

तर निवड कशी करायची? एकाच भागातली माणसं आयुष्यभर सांभाळावीत असं वाटत असेल, तर धर्मप्रांत. अनोळखी माणसांचा विचार पुन्हा पुन्हा मनात येत असेल, एकट्यानं राहण्यापेक्षा बंधूंबरोबर राहणं जमेल असं वाटत असेल, तर मिशनरी धर्मसंघाच्या व्होकेशन डायरेक्टरला, म्हणजे नव्या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या फादरना भेट. त्यांच्या पाचारण शिबिराला जाऊन त्यांच्या घरात काही दिवस राहा आणि थेट विचार: नवीन माणसं कुठं पाठवता, घरी किती वर्षांनी जाता येतं, आईवडील आजारी पडले तर काय करता? जे याची सरळ उत्तरं देतील, त्यांच्याकडं दुसऱ्यांदा जा.